उपासनेसाठी गीते निवडताना

प्रिय मित्रा,

प्रभू येशू ख्रिस्तामध्ये सप्रेम सलाम.

पुण्यातल्या आपल्या मराठी उपासनेसाठी गीते निवडण्याचे काम पाळकसाहेबांनी तुझ्यावर सोपवले, याचा मला फार आनंद झाला. ज्या गीतांत ‘मी’ येतो ती सरसकट गाळावीत काय, असे तू विचारले आहेस. तसे मुळीच करू नकोस, कारण त्या न्यायाने बायबलमधल्या स्तोत्रसंहितेचाही मोठा भाग गाळावा लागेल. तेविसावे स्तोत्र पहिल्या ओळीपासून एकट्या भक्ताचे आहे, तरीही म्हणून झाल्यावर मनात उरतो तो मेंढपाळ. कारण चारणारा, नेणारा, ताट वाढणारा तोच आहे.

म्हणून ‘मी’ मोजत बसण्यापेक्षा क्रियापदे तपास. यादीतले एखादे नवे कोरस वहीत उतरवून घे, प्रत्येक क्रियापदाखाली रेघ ओढ आणि त्याचा कर्ता कोण ते पाहा. मी येतो, मी हात उंचावतो, माझे मन भरून येते, अशी चार कडवी झाली आणि देवाने काय केले, ख्रिस्त वधस्तंभावर का गेला, याचा एकही शब्द आला नाही, तर आपण आपल्याच भावनेचे वर्णन गात आहोत. चाल गोड असेल, तरुण संघातली मुले डोळे मिटून गातीलही. पण त्याच बाकावर गेल्या आठवड्यात नवऱ्याला माती देऊन आलेली एखादी बाई बसलेली असते, आणि तिच्या मनात नसलेला आनंद तिने सगळ्यांबरोबर मोठ्याने गावा, ही सक्ती मला सहन होत नाही. देव विश्वासू आहे, हे मात्र ती रडत रडतसुद्धा म्हणू शकते.

याचा अर्थ दुःखाने मंदिराबाहेर थांबावे असा नाही. तेराव्या स्तोत्रातला भक्त ‘कोठवर?’ असे चार वेळा विचारतो आणि सहाव्या वचनापर्यंत देवाने केलेल्या उपकारांचे गीत गाऊ लागतो. तक्रार त्याचीच असते, पण ती तो देवापुढे मांडतो. अशी गीते आपल्या यादीत फारच थोडी असतात, याची मला खंत वाटते.

रेव्हरंड टिळकांकडेही जरूर वळ. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेला हा कवी, तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताजवळ आलो, असे म्हणत असे. देहू आपल्यापासून किती जवळ आहे! तुकोबांच्या अभंगांतला ‘मी’ लहान होत जातो आणि ज्याला हाक मारली तो मोठा होत जातो. टिळकांच्या भजनांतली जवळीक त्याच वळणाची आहे. ती भजने पेटी-तबल्यावर संथ लयीत गा, गिटारीसाठी त्यांची मोडतोड करू नकोस.

येत्या शनिवारी सरावाला तुझी यादी आणि ती वही दोन्ही घेऊन ये. एकशे छत्तिसावे स्तोत्रही आपण म्हणून पाहू: देवाची कृत्ये तू एकट्याने म्हणायची आणि त्याच्या सनातन दयेचे पालुपद बाकीच्यांनी, सव्वीसच्या सव्वीस वेळा, एकही न गाळता.

तुझा हितचिंतक