नागपूरहून एका दिवसात जाऊन परतता येईल असे जीवाश्मांचे ठिकाण कोणते?

वरोरा तालुक्यातील (जिल्हा चंद्रपूर) पिसदुरा हे गाव त्यासाठी सर्वांत योग्य आहे; नागपूर-चंद्रपूर मार्गाने सकाळी निघाल्यास सायंकाळपर्यंत सहज परतता येते. येथील लालसर चिकणमातीचे थर लॅमेटा खडकसमूहातील, म्हणजे दख्खनच्या लाव्हाप्रवाहांखाली दबलेले असून, त्यांत टायटॅनोसॉर या महाकाय शाकाहारी डायनासोरांची हाडे, कासवांच्या कवचांचे तुकडे आणि मुख्यतः अश्मीभूत विष्ठा सापडते. या विष्ठेत गवताच्या पेशींतील सिलिकाकण आढळल्याचे २००५ साली प्रसिद्ध झाले आणि डायनासोरांच्या काळात गवत नव्हते ही जुनी समजूत मोडली. दिसायला मात्र ती साध्या दगडाच्या गोट्यासारखीच असते, त्यामुळे नवख्या माणसाने आधी नागपूरच्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कार्यालयातील संग्रह पाहता आल्यास अवश्य पाहावा. बहुतेक जीवाश्म शेतजमिनीत उघडे पडत असल्याने मालकाच्या परवानगीशिवाय आत जाऊ नये. मोठे हाड दिसल्यास ते न उकरता छायाचित्र आणि जागेची नोंद घेऊन सर्वेक्षणाला कळवावे, कारण थरातून सुटलेल्या हाडाचे शास्त्रीय मोल फारच थोडे उरते.