गाईड निवडताना आकडा किती बघायचा?

बडोद्याच्या दांडिया बाजारातून एका आईचं पत्र आलंय. लेक रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाली. पीएच.डी.साठी दोन गाईड तिला घ्यायला तयार आहेत. सरांची नोकरीची पंचवीस वर्षं झाली, काम नॅनो पदार्थांवर, एच-इंडेक्स (संशोधनाचा प्रभाव मोजायचा आकडा) 38. मॅडमना दहाच वर्षं झाली, काम सैद्धांतिक रसायनशास्त्रात, एच-इंडेक्स 11. घरचे म्हणतात सरच घे. मुलीचा ओढा मॅडमकडे. आईला रात्रीची झोप नाही.

ताई, नमस्कार. आधी हा आकडा कसा निघतो ते बघा. 2005 साली होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञानं तो सुचवला. एखाद्याच्या पेपरांचा, म्हणजे शोधनिबंधांचा, इतरांनी किती वेळा संदर्भ घेतला, म्हणजे सायटेशन किती, ते उतरत्या क्रमानं मांडायचं. जितक्या पेपरांना प्रत्येकी निदान तितकी सायटेशन, तो एच-इंडेक्स. समजा सहा पेपर आहेत: 25, 12, 7, 5, 4, 2. चौथ्या पेपरला 5 आहेत, चारला पुरून उरले. पाचव्याला 4च, एक कमी पडला. म्हणून एच-इंडेक्स 4. आता 25 पुसून तिथे 900 लिहा. उत्तर तेच, 4! एखादा पेपर कितीही गाजला तरी या आकड्याला त्याची दखल नाही.

शिवाय हा आकडा कधी खाली येत नाही, वयाबरोबर वाढतच जातो. आणि नॅनो पदार्थांवर जगभर हजारो लोक काम करतात, साहजिकच ते एकमेकांचे संदर्भही भरपूर घेतात. सैद्धांतिक कामाचा वाचकवर्गच लहान. 38 आणि 11 यांची तुलनाच होऊ शकत नाही, हे घरच्यांना शांतपणे सांगा.

मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते सहलेखकांचं जाळं. हे काम लेकीनं स्वतः करावं. विद्यापीठाच्या हंसा मेहता लायब्ररीत एक दुपार बसून दोघांचे गेल्या पाच वर्षांतले पेपर गूगल स्कॉलरवर काढायचे. कोऱ्या कागदावर मधोमध गाईडचं नाव, भोवती सहलेखकांची नावं, आणि जितके पेपर एकत्र तितक्या रेघा. (व्हीओएसव्ह्यूअर हे मोफत सॉफ्टवेअर असे नकाशे काढून देतं, पण पहिल्यांदा हातानंच काढावा, नावं डोक्यात राहतात.) सगळ्या रेघा एकाच लॅबमध्ये घुटमळत असतील तर विद्यार्थ्याची ओळखही तिथेच संपते. दुसऱ्या शहरांतल्या, दुसऱ्या विषयांतल्या गटांकडे रेघा जात असतील, तर पीएच.डी.नंतर दार ठोठावायला जागा असते.

मग विद्यार्थ्यांची नावं शोधायची. प्रयोगशाळेतल्या रसायनशास्त्रात पहिलं नाव बहुधा प्रत्यक्ष काम करणाऱ्याचं असतं, गाईडचं शेवटी. गणितात नावं सहसा वर्णानुक्रमानं येतात, तिथे हा ठोकताळा चालत नाही. माझ्याकडे येऊन गेलेली एक मुलगी मोठ्या आकड्याच्या गाईडकडे गेली. पाच वर्षांत नाव सात पेपरांवर आलं, पण एकदाही पहिलं नाही. मुलाखतीत "यातलं तुमचं काम कोणतं?" असं विचारल्यावर ती गप्प झाली. त्या वेळी तिला आकडा बघून मीच होकार दिला होता. ते मला आजही लागतं.

म्हणून शोधगंगावर दोघांच्या नावानं प्रबंध शोधा. आपल्या गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचं हे प्रबंधांचं ऑनलाइन भांडार सर्वांना खुलं आहे. कुणाचे विद्यार्थी प्रबंध पूर्ण करतात, आणि पुढे त्यांचे गाईडच्या नावाशिवाय पेपर येतात का, हे तपासा.

ताई, मॅडमकडेच जा असं मी म्हणत नाही. सरांचा नकाशा कदाचित जास्त भरलेला निघेल, मग तिनं आपलं मन तिकडे वळवावं. दोन्ही कागद तयार झाले की तिला शनिवारी माझ्याकडे पाठवा. येण्याआधी दोन्हीकडच्या एकेका जुन्या विद्यार्थ्याला तिनं फोन करावा आणि एवढंच विचारावं: पहिला पेपर लिहिताना गाईड शेजारी बसले होते का?