सूज नेमकी कुठे आहे?

विदर्भातील एका शासकीय रुग्णालयाच्या समुपदेशन कक्षात काम करताना तरुण पुरुषांकडून वारंवार येणारा प्रश्न असा असतो : ‘सर, लघवीच्या जागी सूज आली आहे, काही वाईट तर नसेल ना?’ ‘वाईट’ या शब्दात त्यांच्या लेखी गुप्तरोग आणि कर्करोग दोन्ही येतात, आणि हा प्रश्न माझ्यापर्यंत पोहोचेतो बहुधा दोन-तीन आठवडे लोटलेले असतात. पुढील प्रसंगात ओळख पटेल असे सर्व तपशील बदलले आहेत.

27 वर्षांचा, लग्नाला दोन महिने झालेला हा तरुण ‘दाराला कडी लावू का?’ असे विचारून मगच खुर्चीवर बसला. सूज कुठे आहे, या प्रश्नाला ‘तिथेच’ यापलीकडे उत्तर येईना, तेव्हा मी कोरा कागद आणि पेन त्याच्यापुढे सरकवले. त्याने ओबडधोबड आकृती काढली आणि शिश्नमुंडाच्या, म्हणजे बोलीत ज्याला सुपारी म्हणतात तिच्या, लगेच मागे एक आडवी जाड रेघ ओढून ती दोनदा गिरवली. त्यानंतर उत्तरे भराभर आली : हाताला दोरीसारखी कडक लागते, दुखत नाही, लघवीला जळजळ नाही, ताप नाही, आणि आली ती एका रात्रीत. आदल्या दोन दिवसांत शरीरसंबंध अनेकदा आणि बऱ्याच जोमाने आले होते, हे त्याने सर्वांत शेवटी, गुन्हा कबूल करावा तसे मान खाली घालून सांगितले. डॉक्टरांच्या दृष्टीने नेमकी तीच माहिती सर्वाधिक उपयोगाची होती. दरम्यान, मेडिकलच्या दुकानात त्याने लाजेपोटी ‘सूज’ऐवजी ‘खाज’ असा शब्द वापरला होता आणि त्या शब्दावर मिळालेले स्टेरॉइडमिश्रित मलम तो 18 दिवस लावत होता.

निदान करणे हे समुपदेशकाचे काम नव्हे, म्हणून मी त्याला सुरक्षा क्लिनिकमध्ये घेऊन गेलो. लैंगिक आजारांसाठी शासकीय रुग्णालयांत या नावाने चालणाऱ्या कक्षांत तपासणी आणि औषधोपचार मोफत होतात, तरीही लोक आधी एसटी स्टँडच्या भिंतीवरील जाहिरातींतला नंबर फिरवतात, याचे मला आजही वाईट वाटते. डॉक्टरांनी तपासून सांगितले की, घर्षणामुळे लसिकावाहिनी, म्हणजे शरीरातील लसिका हा द्रव वाहून नेणारी बारीक नळी, कडक होऊन अशी दोरी तयार होते. हीच दोरी शिश्नाच्या वरच्या बाजूने लांब गेलेली असेल, तर वरवरच्या शिरेत रक्त गोठल्याची शक्यता असते. दोन्ही प्रकार सहसा काही आठवड्यांत आपोआप ओसरतात, मात्र तोवर शरीरसंबंध आणि हस्तमैथुन दोन्ही टाळावे लागतात. तरीही त्यांनी सिफिलिस, एचआयव्ही आणि साखरेसाठी रक्त तपासायला सांगितले, कारण अशा सुजेबरोबर कधी कधी लैंगिक संसर्गही असू शकतो आणि सिफिलिसचा पहिला व्रणसुद्धा बहुधा दुखत नाही. न दुखण्यावर विसंबून राहता येत नाही, ते यामुळे.

त्याच्या मनात आणखी एक भीती होती : गावातल्या काकांना हत्तीरोग होता. आमच्या भागात ही शंका अगदीच निराधार म्हणता येत नाही. पण हत्तीरोगात सूज प्रामुख्याने अंडकोषाच्या पिशवीला किंवा पायाला येते आणि ती एका रात्रीत येत नाही. संशय असल्यास रात्रीचा रक्तनमुना तपासतात.

माझ्याकडे येणाऱ्यांपैकी अनेकांची सूज पुढच्या कातडीला असते. कीटकदंशाने किंवा नवा साबण वा निरोधचे रबर न मानवल्याने ती मऊ, फुगीर आणि खाजरी होते. एखादी वेदनाशामक किंवा जंतुनाशक गोळी घेतली की दर वेळी त्याच जागी काळपट लाल चट्टा उठतो, असेही घडते, आणि त्या वेळी गोळीचे नाव आठवणे फार महत्त्वाचे असते. कातडीला चिरा पडून पांढरट थर जमत असेल, तर रक्तातील साखर पाहावीच. काहींना आपला मधुमेह याच तक्रारीमुळे कळला आहे. सुजेबरोबर चेहरा किंवा पायही सुजले असतील, तर मूत्रपिंड, हृदय आणि यकृत यांच्याकडे लक्ष द्यावे लागते.

काही वेळा मात्र सकाळच्या ओपीडीची वाट पाहू नये. मागे ओढलेली कातडी पुढे येत नसेल आणि सुपारी फुगत चालली असेल, ताठ असताना ‘कट्’ असा आवाज होऊन शिश्न एकदम सैल पडले आणि काळेनिळे झाले असेल, ताठरपणा चार तासांहून अधिक टिकला असेल, लघवी अडली असेल, किंवा तापाबरोबर कातडी काळी पडून दुर्गंधी येत असेल, तर त्याच रात्री रुग्णालय गाठावे. न दुखणारी गाठ किंवा जखम तीन-चार आठवड्यांत बरी होत नसल्यास, विशेषतः कातडी मागे सरकत नसताना, कर्करोगासाठी तपासणी करून घेणे आवश्यक ठरते.

त्याचे सर्व अहवाल निर्दोष आले. सूज असलेल्या दिवसांत तो काहीही न सांगता गच्चीवर झोपायला जात असे आणि पत्नीने त्याचा भलताच अर्थ लावला होता. दुसऱ्या भेटीला दोघे एकत्र आले आणि अर्धा तास आम्ही सुजेपेक्षा त्या गच्चीबद्दलच बोललो. सहाव्या आठवड्यापर्यंत दोरी पूर्णपणे गेली होती. मलमामुळे पातळ झालेली कातडी पूर्ववत व्हायला मात्र त्याहून अधिक दिवस लागले.