नान्नजचा माळ राष्ट्रीय उद्यान झाला तर गावाला काय मिळणार?

प्रश्न: आमचं गाव नान्नजजवळ, उत्तर सोलापूर तालुक्यात. माळढोक पक्ष्याच्या अभयारण्याचं राष्ट्रीय उद्यान करा, टुरिस्ट येतील, पैसा येईल असं गावातली पोरं म्हणतायत. घरातली मोठी माणसं म्हणतात, आधीच जमिनीच्या व्यवहाराला लय त्रास झालाय, आता मेंढरंपण बंद होतील. खरं काय?
– एक वाचक

उत्तर: मोठ्यांची भीती खरी आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात अभयारण्यात परवानगीने चराई चालू शकते, राष्ट्रीय उद्यानात ती पूर्ण बंद, आणि उद्यान जाहीर करायच्या आधी आतल्या जमिनीवरचे सगळे हक्क सरकारकडे घ्यावे लागतात. जमिनीचा त्रास तर जुनाच, १९७९ ला अभयारण्य केलं तेव्हा ८,४९६ चौ. किमी धरलं, त्यात शेतं, गावं, बाजारपेठासुद्धा आल्या, नंतर ते कमी करून साधारण १,२२२ वर आणलं, पण तोवर लोकांच्या मनात माळढोकाबद्दल राग बसला तो बसलाच.

म्हणून माझं स्पष्ट मत, नावापेक्षा माळ वाचवा. माळढोक एका वेळी एकच अंडं घालतो, तेही उघड्या जमिनीवर, आणि आता देशात दीडशेपेक्षा कमी उरलेत, बहुतेक राजस्थानात. तरी आपल्याकडे काळवीट आहे, लांडगा आहे, खोकड आहे, हिवाळ्यात हॅरियर नावाचे शिकारी पक्षी येतात. हे सगळं गवतावर चालतं, त्यामुळे माळ ओसाड दिसतो म्हणून कुणी झाडं लावायला आलं तर प्लीज थांबवा. गवत राहिलं की पाणी मुरतं आणि जनावरांना चारापण मिळतो, दुष्काळी तालुक्यात हा पैसाच आहे.

पर्यटनाचं म्हणाल तर आपल्याकडे गिऱ्हाईक शोधायला जायला नको, अक्कलकोट, पंढरपूर, तुळजापूरला लाखो लोक येतातच, त्यातले थोडे जरी एक रात्र जास्त थांबले आणि सकाळी माळावर आले तरी गाइड, गाडीवाला, घरगुती जेवण देणाऱ्या बायका सगळ्यांना काम आहे. फक्त गाइड गावातलेच हवेत आणि गेटच्या पैशातला वाटा गावाला मिळायला हवा, हे ग्रामसभेत आधीच ठराव करून मागा, नाहीतर बाहेरचे रिसॉर्टवाले येऊन कमावतील आणि तुमची पोरं तिथं वॉचमन होतील.

आणि लांडग्याने मेंढरू नेलं तर विष घालू नका, लगेच वनरक्षकाला कळवून पंचनामा करून घ्या, भरपाई मिळते.