सौरची पदवी घ्यावी की इलेक्ट्रिकलची?

प्रश्न : आम्ही ऐरोलीला राहतो. मिस्टर रबाळ्याच्या एका कंपनीत स्टोअरमध्ये आहेत, मी घरी शिकवण्या घेते. मुलगी यंदा बारावी सायन्स झाली. सीईटीचा निकाल मध्यम, गणितात बोर्डाला १०० पैकी ५८. मे महिन्याचं लाइट बिल आलं तेव्हा घरात वाद झाला. ती बिल घेऊन बसली आणि आता म्हणते, मला यातलंच काहीतरी शिकायचंय. एका खासगी विद्यापीठात 'रिन्यूएबल एनर्जी'चं बी.टेक. आहे, फी वर्षाला अडीच लाख. माझा भाऊ वीज कंपनीत लाइनमन आहे. तो म्हणतो, पोरगी काय पोलवर चढणार? कॉमर्सला घाला. उत्पन्न सहा लाखांच्या आत आहे, ओबीसीचा दाखला आहे. सोबत बिलाचा फोटो पाठवतेय. काय करावं?
— एक आई, ऐरोली

ताई,

मार्कांआधी मी बिलाचा फोटो पाहिला. ३०० च्या वरच्या युनिटांना तुमच्या लेकीने पेन्सिलने गोल केलाय आणि कडेला लिहिलंय, 'ऊन फुकट आहे, मग हे का वाढतंय?' बारावीच्या सुट्टीत बिलाची मागची बाजू वाचणारी मुलं माझ्याकडे वर्षाला एखाद-दुसरीच येतात. बाकीच्यांना 'स्कोप' कशात आहे तेवढं हवं असतं.

आधी घरातला वाद मिटवू. घरगुती वापराला १००, ३०० आणि ५०० युनिटांच्या पायऱ्या आहेत. मे महिन्यात एसी जरा जास्त चालला आणि ३०० ची पायरी ओलांडली, की त्यापुढच्या युनिटांना चढा दर लागतो. त्यात वहन आकार (वीज घरापर्यंत वाहून आणण्याचा खर्च), स्थिर आकार आणि असेल तेव्हा इंधन समायोजन आकार (इंधनाच्या वाढलेल्या खर्चाचा) मिळवला जातो, आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. म्हणून वापर थोडा वाढला तरी रक्कम उडी मारते. शिवाय उन्हाळ्यात सुरक्षा ठेवीच्या फरकाचं वेगळं बिल येतं. तेही मे महिन्याच्या खर्चात धरून भांडण झालं नाही ना, तेवढं बघा.

आता तिचा प्रश्न. मोठ्या सौर प्रकल्पांची वीज निविदांमध्ये युनिटला अडीच-तीन रुपयांच्या आसपास मिळते, म्हणजे ऊन खरंच स्वस्त झालंय. पण तुमच्या घरी संध्याकाळी सातला कुकर लागतो, पंखे फिरतात, टीव्ही चालतो, आणि तेव्हा सूर्य खाडीपलीकडे गेलेला असतो. त्या वेळची वीज कोळशातून, धरणातून किंवा साठवणुकीतून आणावी लागते. कोळशाचं केंद्र दुपारी कमी चाललं तरी त्याच्या उभारणीचा स्थिर खर्च द्यावाच लागतो. सौर प्रकल्प माळरानावर आणि वापर शहरात, म्हणून नव्या वाहिन्या टाकाव्या लागतात, त्यांचा खर्चही वहनात येऊन बसतो. २०२५ मध्ये देशाच्या स्थापित वीजक्षमतेतला निम्मा वाटा कोळसा-वायू सोडून इतर स्रोतांचा झाला. तरी प्रत्यक्ष निर्मितीत सर्वांत मोठा वाटा अजून कोळशाचाच आहे. या दोन वाक्यांमधलं अंतर भरून काढायचं काम पुढची वीस-पंचवीस वर्षं चालणार आहे, आणि तुमच्या मुलीच्या पिढीच्या बऱ्याचशा नोकऱ्या तिथे असतील. छतावर पॅनल बसवणं हा त्यातला छोटा आणि सगळ्यांना दिसणारा भाग.

१२ ऑक्टोबर २०२० आठवतोय? सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबई सगळीकडे वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. तुमची लेक तेव्हा सातवीत असेल, ऑनलाइन शाळा चालू असेल. कळवा–पडघा पट्ट्यातल्या ४०० केव्हीच्या, म्हणजे अतिउच्च दाबाच्या वाहिन्या एकामागून एक बंद पडल्या आणि एवढं महानगर अंधारात गेलं. त्या दिवशी वीज परत आणायला जी माणसं बसली होती, त्यातली काही तुमच्या घरापासून फार लांब नव्हती, कारण राज्य भार प्रेषण केंद्र ऐरोलीतच, ठाणे-बेलापूर रस्त्यावर आहे. महाराष्ट्रात दर क्षणी किती वीज हवी आणि ती कुठून घ्यायची याचा ताळमेळ तिथे लागतो. पूर्वी मागणीचा अंदाज बांधला की पुष्कळसं काम भागायचं. आता ढग आला की सौर निर्मिती पडते, सोसाट्याचा वारा सुटला की पवनचक्क्यांची वाढते, म्हणून निर्मितीचाही अंदाज बांधावा लागतो. हवामान, आकडेमोड आणि वीज या तिन्हींची जाण असलेली माणसं तिथे हवी असतात.

दिवसाची वीज स्वस्त आणि संध्याकाळची महाग, हे आता घरगुती बिलातही आलंय. १ जुलै २०२५ पासून स्मार्ट टीओडी मीटर (वापराची वेळही नोंदवणारं मीटर) असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैसे ते १ रुपया सवलत जाहीर झाली. वॉशिंग मशीन दुपारी लावा, असाच त्याचा अर्थ. दुपारची वीज संध्याकाळपर्यंत धरून ठेवायची तर बॅटरी लागते, नाहीतर पाणी लागतं. कर्जत लोकलने जाताना भिवपुरी रोड स्टेशन लागतं ना, त्या भिवपुरीला उदंचन प्रकल्प व्हायचा आहे : दुपारी जादा विजेने पाणी वर चढवायचं, संध्याकाळी खाली सोडून वीज करायची. गंमत म्हणजे आपल्या भागात ही 'नवी' ऊर्जा शंभर वर्षांहून जुनी आहे. खोपोलीचं जलविद्युत केंद्र १९१५ सालचं, मुंबईच्या गिरण्यांना वीज तिथून यायची.

आता त्या अडीच लाखांकडे येते. स्पष्टच सांगते, ती पदवी घेऊ नका. विषय वाईट म्हणून नव्हे. महावितरण, महापारेषणच्या अभियंता पदांच्या जाहिरातींत पात्रता म्हणून 'इलेक्ट्रिकल'ची पदवी किंवा पदविका लिहिलेली असते. जुनी एखादी जाहिरात काढून पात्रतेचा रकाना तुम्ही स्वतः वाचा. केंद्राच्या वीज कंपन्या 'गेट' या अभियंत्यांच्या प्रवेश परीक्षेच्या गुणांवर अभियंते घेतात, तिथेही पेपर इलेक्ट्रिकलचाच असतो. पदवीवर वेगळं नाव आलं की प्रत्येक ठिकाणी 'हे समकक्ष आहे' म्हणून पटवत बसावं लागतं. सौर विषय इलेक्ट्रिकल घेऊनही शिकता येतो. तिसऱ्या-चौथ्या वर्षी ऐच्छिक विषय असतात, पुष्कळ कॉलेजांत मायनरही, म्हणजे मुख्य शाखेला जोड म्हणून दुसरा छोटा विषयगटही घेता येतो. उलटं होत नाही. रिले, ट्रान्सफॉर्मर, पॉवर सिस्टिम मागाहून भरून काढणं फार जड जातं.

दुसरं कारण पैशाचं, आणि हे तुम्हाला कुणी सांगितलेलं दिसत नाही. २०२४-२५ पासून महाराष्ट्रात ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ आहे. अट अशी की प्रवेश कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश फेऱ्यांमधून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्याला आणि खासगी विद्यापीठांना ही सवलत नाही. म्हणजे एकीकडे चार वर्षांचे दहा लाख, दुसरीकडे विकास शुल्क, बस आणि पुस्तकं. विद्यापीठाचा समुपदेशक हे सांगणार नाही, त्याचा पगार प्रवेशांवर आहे.

गणिताचं मात्र मी गोड बोलणार नाही. इलेक्ट्रिकल ही गणिताची शाखा आहे. एसी सर्किट आलं की काल्पनिक संख्या आल्याच, त्यामागून कॅल्क्युलस. पहिल्या दोन सेमिस्टरला गणितात केटी लागून खचलेली मुलं मी पाहिली आहेत. तिला ५८ का पडले ते आधी शोधा. समजत नव्हतं, की समजत होतं पण पेपर पुरा झाला नाही? बिलाची आकडेमोड तिने स्वतः केली असेल तर मला दुसरी शक्यता जास्त वाटते. पण पहिलीच खरी निघाली, तर आडमार्ग आहे : बारावी सायन्सवर इलेक्ट्रिकल डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. दोन वर्षांत डिप्लोमा, मग पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. एक वर्ष जास्त जातं, पण हात यंत्रावर लवकर बसतो, आणि मध्येच थांबावंसं वाटलं तरी हातात पदविका असते. ऐरोली-रबाळे-महापे पट्ट्यात डेटा सेंटर झाली आहेत. तिथे चोवीस तास वीज खंडित होऊ न देणं हाच धंदा आहे, आणि ट्रान्सफॉर्मर, यूपीएस, डिझेल जनरेटर सांभाळायला डिप्लोमाची मुलं-मुली लागतात.

मामांचा राग मानू नका. खांबावर जीव मुठीत धरून काम केलेला माणूस भाचीसाठी घाबरणारच. पण त्यांना आठवण द्या की महावितरणात महिला तंत्रज्ञ आहेत आणि त्या फॉल्टही काढतात. शिवाय पदवी-पदविकेवरची बरीच कामं उपकेंद्रात, कंट्रोल रूममध्ये, चाचणीच्या टेबलावर असतात. कॉमर्सबद्दल त्यांनी मुलीला विचारलं का? पत्रात तसं दिसत नाही.

छतावरच्या सौरबद्दल एक घरचाच किस्सा. नौपाड्यात आमच्या सोसायटीने जिन्याच्या दिव्यांसाठी, पंपासाठी पॅनल बसवले. ठेकेदाराने गच्ची मोजली, शेजारच्या प्लॉटवर टॉवर उठणार हे कुणी विचारलंच नाही. आता दुपारी तीननंतर एका कडेच्या पॅनलवर सावली पडते, आणि एकाच माळेत जोडलेले असल्याने एक झाकला की सगळी माळ मंदावते. ठेकेदार फोन उचलत नाही. सावलीचा हिशेब करणारं माणूस आधीच असतं तर आम्ही जोडणी वेगळी केली असती. पीएम सूर्यघर योजनेत घराला ३ किलोवॅटपर्यंत ७८,००० रुपये अनुदान आहे, सोसायटीच्या सामायिक वापराला किलोवॅटमागे १८,०००. त्यामुळे बसवणारे गल्लोगल्ली झालेत, नीट आखणी करणारे थोडे. दहावी-आयटीआयनंतर मुलांसाठी 'सूर्यमित्र' हे मोफत प्रशिक्षण आहे, पण तुमच्या मुलीने आत्ता त्या वाटेला जायचं कारण नाही. तिने कॅपची यादी लागेपर्यंत एक करावं : जवळपासच्या एखाद्या सोसायटीच्या सौर ॲपमधले मे आणि जुलैचे आकडे मागून घ्यावेत, शेजारी शेजारी मांडावेत. एका किलोवॅटमागे दिवसाला सरासरी चार युनिट म्हणतात. पावसाळ्यात तो आकडा कुठे येतो ते तिचं तिला कळेल. आणि हे करताना कंटाळा आला, तर तेही मला कळवा.

कॅपच्या फॉर्ममध्ये इलेक्ट्रिकलचे पर्याय भरताना कॉलेजचं नाव पाहून दूर जाऊ नका. प्रयोगशाळा चालू आहेत का ते शेवटच्या वर्षाच्या मुलांना गेटवर गाठून विचारा. माटुंग्याचं व्हीजेटीआय यादीत पहिलं टाका, मिळो न मिळो. खाली ठाणे-नवी मुंबईतली, जिथे ट्रेनने तासाभरात पोचता येईल अशी.

आणि हे पत्र वाचून झाल्यावर पहिलं काम दाखल्यांचं. ओबीसीचा दाखला आहे म्हणालात, नॉन-क्रिमिलेअर आहे का, आणि असल्यास तारीख उलटलेली नाही ना ते बघा. तो आणि उत्पन्नाचा दाखला दोन्ही लागतील. प्रवेशाच्या दिवसांत सेतू केंद्रात रांगा लागतात, त्यामुळे मिस्टरांना एक दिवस सुट्टी टाकायला सांगून या आठवड्यातच अर्ज करा.