स्वप्नात पुन्हा दहावीचा पेपर

प्रश्न : वय ४६, निपाणीत किराणा दुकान आहे. मराठी शाळेतून दहावी होऊन तीस वर्षं झाली, तरी पहाटे स्वप्नात एसएसएलसीचा पेपर पुढ्यात येतो. सगळा कन्नडमधून, एक ओळ लागत नाही आणि घंटा होते. पहाटेचं स्वप्न खरं होतं म्हणतात. काही अशुभ आहे का?

उत्तर : मुळीच नाही. झोपेची एक फेरी साधारण ९० मिनिटांची असते. तिच्या शेवटी पापण्यांआड बुबुळं भराभर हलतात, ठसठशीत स्वप्नं बहुधा तेव्हाच पडतात. सुरुवातीला हा टप्पा काही मिनिटांचा, पहाटे मात्र बराच लांबतो आणि त्यातूनच थेट जाग येते. म्हणून पहाटेचं स्वप्न लक्षात राहतं, एवढंच.

अवघड जबाबदारी तोंडावर आली की परीक्षेचं स्वप्न पडतं, आणि तेही पास झालेल्यांना, हे सिग्मंड फ्रॉइडने सव्वाशे वर्षांपूर्वीच लिहून ठेवलंय. तुमच्या स्वप्नात आम्हाला महत्त्वाची वाटते ती न लागणारी ओळ. सीमाभागात लायसन्सचा अर्ज, नोटीस असे कितीतरी कागद कन्नडमधून येतात. न वाचता सही करताना पोटात जो गोळा येतो, तोच परीक्षेच्या हॉलमध्ये जाऊन बसत असावा. असा एखादा कागद गल्ल्यात पडून आहे का, बघा. असेल तर आधी तो कुणाकडून तरी नीट वाचून घ्या.

तरीही स्वप्न येत राहिलं, तर ते वहीत लिहा आणि शेवट बदला: तुम्ही हात वर करता, पर्यवेक्षक मराठी पेपर आणून देतात. हा नवा शेवट रोज १० ते २० मिनिटं डोळ्यांसमोर आणा, काही आठवडे. बरेच जण हे रात्री अंथरुणात करतात आणि झोप घालवून बसतात. दुपारी दुकान बंद असताना करा. शेवट तुम्हाला पटेल असाच हवा, दुसऱ्याने सुचवलेला सहसा टिकत नाही. आमचाही नाही पटला तर खुशाल बदला.

प्रश्न : दात पडल्याचं स्वप्न पडलं की घरातलं माणूस जातं, असं सासूबाई म्हणतात. मला महिन्यातून दोनदा पडतं. (खानापूर)

उत्तर : ताई, कुणी जात नाही. उठल्यावर जबडा आखडतो का, हिरड्या ठणकतात का, ते पाहा. तसं असेल तर झोपेत दात खाता का, हे दंतवैद्याकडून तपासून घ्या.

प्रश्न : जाग येते, पण छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतं, हात हलत नाही. मुंज्या म्हणतात तो हाच का? (चिकोडी)

उत्तर : स्वप्न पाहताना आपण हातपाय झाडू नये म्हणून मेंदू स्नायू सैल सोडतो. कधी जाग आधी येते आणि स्नायू मागे राहतात. सेकंदांत, फार तर काही मिनिटांत सुटतं. धडपड न करता एकच बोट हलवायचा प्रयत्न करा. जागरण आणि उताणं झोपणं टाळा. याउलट, पन्नाशीनंतर कुणी झोपेत खरोखरच लाथा-बुक्क्या मारत असेल, तर मेंदूविकारतज्ज्ञांना लवकर दाखवा.