कफ पातळ करणारी अॅसिटिलसिस्टीनची ६०० मिग्रॅची फसफसणारी गोळी कशी घ्यावी?

गोळी चघळू नका. अर्धा ग्लास पाण्यात पूर्ण विरघळवून लगेच प्या. सडक्या अंड्यासारखा वास येतो, तो औषधातल्या गंधकाचा; गोळी खराब झालेली नाही. मोठ्यांना सहसा दिवसातून एकदाच, पण झोपताना नको: सुटलेला कफ खोकून बाहेर पडायला हवा. म्हणूनच सोबत खोकला दाबणारं सिरप घेऊ नका, कफ छातीतच साचतो. ही चूक फार होते.

दमा असेल तर जास्त जपा. विशेषतः हेच औषध नेब्युलायझरमधून (औषधाची वाफ देणाऱ्या यंत्रातून) घेताना श्वासनलिका आवळू शकते, त्यामुळे डॉक्टर आधी श्वासनलिका मोकळी करणारं सॅल्ब्युटामॉल देतात. घरघर वाढली की औषध थांबवा आणि लगेच डॉक्टरांना गाठा. अल्सर असेल किंवा छातीत दुखण्यावरचं (हृदयविकाराचं) नायट्रोग्लिसरीन चालू असेल तर आधीच सांगा. उच्च रक्तदाब असल्यास ही गोळी चालेल का तेही विचारा, कारण या गोळीत सोडियम असतं.